चहानंतर बघू

औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या कारखान्याच्या फाटकापाशी एक हिरवा फलक असतो. 'अपघाताविना गेलेले दिवस' असे त्यावर लिहिलेले असते आणि पुढे आकडा. कुठे ४१२, कुठे ७३०, कुठे हजाराच्याही पुढे. रोज सकाळी तो एकाने वाढतो. मार्च उजाडला की फलकाला नवा रंग मिळतो, कारण ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. मग आठवडाभर छातीवर हिरवे बिल्ले, सामुदायिक प्रतिज्ञा, कामगारांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण आणि बक्षीस म्हणून स्टीलचे डबे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सप्ताहात घोषवाक्यांचा परीक्षक म्हणून एका कारखान्यात जाण्याचा योग आला होता. फलकावरचा आकडा साडेतीनशेच्या आसपास होता. चहापाण्यासाठी कार्यालयात बसलो, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक तरुण कामगार दिसला. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, शेजारी कुबडी आणि समोर जुन्या गेटपासांचा गठ्ठा. तो ते पास तारखेनुसार लावत होता. लावून झाले की बहुधा पुन्हा विस्कटून लावत असावा. "याला घरी विश्रांती नको का?" असे मी सहज विचारले. सोबतचे अधिकारी भले गृहस्थ होते. म्हणाले, "घरी बसवला तर दिवस बुडाल्याची नोंद होते हो, मग फलक शून्यावर आणावा लागतो. सकाळी जीप जाते त्याला आणायला, संध्याकाळी नेऊन सोडते. पगार पूर्ण मिळतो त्याला." आपण काही वावगे सांगत आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. पाय नेमका कशाने मोडला, हे मात्र त्यांना नीटसे सांगता आले नाही. मी घोषवाक्यांना क्रमांक दिले, शाल-नारळ घेतला आणि घरी आलो. त्या वेळी मी काही बोललो नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. कारण आजचा विषय न बोलण्याचाच आहे.

तो फलक खोटे बोलत होता असेही म्हणवत नाही. तो मोजत होता ते नोंदलेले अपघात. न घडलेला अपघात आणि न नोंदलेला अपघात यांत फलकाला फरक करता येत नाही. त्यातून बक्षीस किंवा बोनस त्या आकड्याशी बांधला गेला की साहेबांनी दडपण आणण्याचीही गरज उरत नाही. शेजारच्या मशिनवरचा सोबतीच म्हणतो, "एवढंसं कापलंय, त्यासाठी सगळ्यांचं बक्षीस घालवतोस का?" मग बोटाला चिंधी बांधली जाते आणि फलकावर आणखी एक दिवस चढतो.

पण कारखान्यातल्या धोक्याची बिनचूक नोंद होते अशी एक जागा आहे, आणि ती कारखान्याच्या बाहेर आहे. रात्री घरी परतलेला माणूस हातपाय धुऊन ताटावर बसतो आणि सहज बोलून जातो: "आज प्रेस पुन्हा डबल मारत होती." "क्रेनच्या दोराच्या तारा सुटल्यात." "आज वास जरा जास्तच होता." बायको भाकरी वाढता वाढता विचारते, "मग साहेबांना सांगितलंत का?" उत्तर ठरलेले असते. "सांगितलं की. बघू म्हणाले." किंवा मग, "सांगून काय होणार?" जी बातमी स्वयंपाकघरात पोहोचते ती व्यवस्थापकाच्या खोलीत पोहोचत नाही. अपघात झाल्यावर चौकशी समिती महिनोन् महिने जे शोधत बसते, ते पुष्कळदा त्या घरातल्या माउलीला आधीच माहीत असते.

'प्रेस डबल मारते' म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कोणी प्रेसशॉपमध्ये नाही त्यांना समजावून सांगायला हवे. पॉवर प्रेस दिसायला साधे यंत्र. बाजूला जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाखालचे पेडल दाबले की क्लच त्या फ्लायव्हीलला धरतो, वरचा रॅम खाली येतो, डायवर ठेवलेल्या पत्र्यावर कित्येक टनांचा दाब पडतो आणि पत्रा कापून किंवा वाकवून निघतो. आपल्या स्कूटरची एखादी पट्टी, मोटारीच्या सीटखालचा एखादा तुकडा असाच जन्माला आलेला असतो. कामगाराने एका हाताने पत्रा आत सारायचा, पेडल मारायचे, दुसऱ्या हाताने तयार जॉब उचलायचा. एका पाळीत हे हजारो वेळा. जुन्या धर्तीच्या प्रेसच्या क्लचमध्ये एक चावी असते. ती एकदा अडकली की रॅमचा पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. मधेच थांबवू म्हटले तरी थांबवता येत नाही. ही चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की पेडल एकदा मारूनही रॅम दोनदा खाली येतो. पहिला ठोका पडला, हात जॉब उचलायला आत गेला, आणि दुसरा ठोका आला. पुढचे सांगायला नको.

अनुभवी ऑपरेटरला हे आधी कळते. आवाज बदलतो. ठोका पडल्यावर रॅम वर जाऊन थांबतो, तिथे तो किंचित थरथरतो. दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर आधी यंत्र आपली तक्रार सांगत असते आणि ऑपरेटर ती सुपरवायझरला सांगत असतो. सुपरवायझर काही दुष्ट माणूस नसतो. संध्याकाळी सहाला माल घेऊन गाडी निघायची असते, उशीर झाला तर वरून फोन येणार असतो. तो म्हणतो, "आजची गाडी जाऊ दे, मग बघू." फिटर येतो तो रविवारी.

यावर उपाय नाहीत असे नाही. चांगले जुने उपाय आहेत. हात आत जाणारच नाही अशी पक्की जाळी. लांब चिमटा. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय रॅम हलू नये अशी जोडणी. नव्या घर्षण-क्लचच्या प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा, की त्यात हात आला तर रॅम जागच्या जागी थांबावा. (हाच पडदा जुन्या चावीच्या प्रेसवर बसवला तर तो शोभेचा, जे यंत्र मधे थांबतच नाही त्याला किरण काय थांबवणार?) पण दोन बटणांची प्रेस पाहायला जावे, तर एक बटण रबराने किंवा लाकडाच्या पाचरीने कायमचे दाबून ठेवलेले आढळते. अधिकारी मग विजयी मुद्रेने म्हणतात, "बघा! आम्ही पैसे खर्चून बटणं बसवली, आणि हे लोक ती बांधून ठेवतात. शिस्तच नाही आपल्याकडे."

बटण कामगारानेच बांधलेले असते, हे खरे. पण ती पाचर पाळीत दहा वेळा समोरून जाणाऱ्या सुपरवायझरला दिसत नाही का? दिसते. तासाला जितके नग काढायचे ठरले आहेत तितके दोन्ही बटणे दाबून निघतच नाहीत, हे त्याला ठाऊक असते. आणि तो हिशेब कामगाराने केलेला नसतो, वरच्या मजल्यावर झालेला असतो. पाचर हीसुद्धा एक बातमीच आहे. ती वाचायची कुणाची तयारी नसते, एवढेच.

कामगारावर खापर फोडण्याच्या या सवयीला शास्त्राचा आधार मिळाला तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक नावाच्या गृहस्थांनी १९३१ साली पुस्तक लिहिले. एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापतींचे आणि ३०० नुसत्या हुकलेल्या अपघातांचे प्रसंग असतात, असे त्यांचे गणित होते. त्या आकड्यांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. पण हुकलेले प्रसंग ऐकावेत, ही त्यातली गोष्ट मोलाची होती. त्यांनीच असेही लिहिले की, शंभरातले ८८ अपघात माणसांच्या चुकीच्या वागण्याने होतात. जगभरच्या व्यवस्थापनांनी यातले तीनशे विसरून अठ्ठ्याऐंशी तेवढे पाठ केले. सोयीचे होते ते!

आपल्याकडे गुरगाव-मानेसर आणि पुणे-चाकणच्या पट्ट्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जखमी झालेल्या हजारो कामगारांशी बोलून 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. बोटे गमावणाऱ्यांत परप्रांतातून आलेले, कंत्राटी, तरुण कामगार मोठ्या संख्येने असतात आणि दोषी यंत्रांत पॉवर प्रेस ठळकपणे असते, हे त्यातून पुनःपुन्हा दिसते. हे अपघात मोठ्या नावाच्या कारखान्यांत कमी, त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये जास्त. मोठी कंपनी पुरवठादाराच्या मालाची मापे मायक्रॉनपर्यंत तपासते, पण तो माल ज्या प्रेसवर झाला तिला जाळी आहे की नाही हे विचारायला तिचा माणूस क्वचितच थांबतो.

बोटाचे हे दुःख एका घरापुरते राहते म्हणून त्याची बातमी होत नाही. पण हीच 'मग बघू'ची रीत जिथे विषारी वायू साठवलेला असतो तिथे शहराचे शहर उद्ध्वस्त करते. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. रात्री साडेअकराच्या सुमाराला कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती ओळखायची त्या विभागातली रोजची रीत हीच होती. डोळ्यांना पाणी आले की समजायचे, कुठेतरी गळते आहे. कामगारांनी शोधाशोध केली, गळती दिसली, वरिष्ठाला सांगितले. चहाची वेळ होत आली होती. चहानंतर बघू, असे ठरले. चहा झाला. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजायच्या सुमाराला टाकीचा दाब मोजणारा काटा टोकाला जाऊन भिडलेला आढळला.

त्या चहावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या पाळीच्या माणसांना बोल लावणे अगदी सोपे आहे. पण चहाच्या आधीची तीन वर्षे पाहिली पाहिजेत. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याच वर्षी जूनमध्ये बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेली होती. वायू धुणारी यंत्रणा चालू स्थितीत नव्हती. खर्च वाचवण्यासाठी त्या विभागातले एका पाळीचे कामगार बारावरून सहावर आणले होते. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ च्या मे महिन्यात मूळ अमेरिकन कंपनीच्याच तपासनीसांनी येऊन धोक्यांची यादी लिहून दिली होती. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला सावध करणारे लेख लिहिले होते. इतकी वर्षे प्रत्येक इशाऱ्याला 'नंतर बघू' हेच उत्तर मिळत आलेल्या जागी, रोजच गळणाऱ्या कारखान्यात, त्या रात्री एका गळतीसाठी चहा सोडून कोण उठणार होते? जे दिवसा कार्यालयात शिकवले गेले, तेच रात्रपाळीने केले.

मुंबईकरांना याहून जुना दाखला घरातच ऐकायला मिळालेला असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी! धोक्याचा माल असल्याचे सांगणारे लाल निशाण जहाजावर नव्हते. दुपारी धूर दिसला तो आधी आसपासच्या माणसांना. आगीचा बोभाटा झाला दोनच्या सुमाराला. त्यानंतर जहाज जागीच बुडवावे, बाहेर समुद्रात न्यावे की आग विझवत राहावे, यावर अधिकाऱ्या-अधिकाऱ्यांत विचारविनिमय चालू राहिला आणि कुणीच हुकूम दिला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. पाण्याचे नळ धरून उभे असलेले ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले. म्हणून १४ एप्रिल हा आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. बाकी शेकडो माणसे गेली ती वेगळीच.

'सुरक्षा संस्कृती' हा शब्द जगात रूढ झाला तो १९८६ च्या चेर्नोबिलनंतर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात तो वापरला आणि पुढे तो सगळ्या कारखानदारीने उचलला. मराठीत 'संस्कृती' म्हटले की आपल्याला भरजरी काहीतरी वाटते, भाषणाला शोभणारे. इथे अर्थ अगदी साधा आहे. खालच्या माणसाने वरच्या माणसाला वाईट बातमी सांगितली की पुढे काय होते? सांगणाऱ्याला शिव्या मिळतात, त्याच्याकडे दुर्लक्ष होते की यंत्र थांबते? या प्रश्नाचे त्या जागी रोज जे उत्तर मिळते, ती तिथली संस्कृती.

टोयोटाच्या कारखान्यात जुळणीच्या साखळीवर डोक्यावरून एक दोर गेलेला असे. काही बिनसले तर कोणत्याही कामगाराने तो ओढायचा. गटाचा प्रमुख धावत यायचा, आणि वेळेत निस्तरले नाही तर सगळी साखळी थांबायची. आपल्याकडच्या कारखान्यांनी जपान्यांकडून कायझेन घेतले, पोका-योके घेतले, जमिनीवर पिवळे पट्टे मारून झाडू-फडक्यांच्या जागासुद्धा आखल्या. दोरही कुठे कुठे आला. तो ओढण्याची हिंमत कंत्राटी कामगाराला होते का, हे मात्र त्या पट्ट्यांवरून कळत नाही.

याच संदर्भात अमेरिकेतल्या अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९८७ साली पॉल ओ'नील तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याबद्दल बोलण्याऐवजी कामगारांच्या दुखापती शून्यावर आणण्याची भाषा केली. सभागृहातली मंडळी चक्रावली. पुढे काही महिन्यांतच ॲरिझोनातल्या कारखान्यात एक नवा तरुण कामगार अडकलेले यंत्र मोकळे करायला आत शिरला आणि मरण पावला. ओ'नील यांनी वरिष्ठांना बोलावून सांगितले की, हा मुलगा आपण मारला आहे आणि त्यात पहिला दोष माझा आहे. पुढे नियम झाला: दुखापत कुठेही झाली तरी चोवीस तासांत तिची माहिती त्या विभागाच्या प्रमुखाने स्वतः त्यांना द्यायची, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार यासकट. कामगारांना त्यांनी आपल्या घरचा टेलिफोन नंबर दिला. वरचे ऐकत नसतील तर मला फोन करा म्हणाले. फोन येऊ लागले. १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना झालेली वायुबाधा वर कळवली नाही, म्हणून एका बड्या आणि कर्तबगार अधिकाऱ्याला त्यांनी घरी पाठवले. शिक्षा वायुबाधा झाल्याची नव्हती, ती लपवल्याची होती. दुखापतीमुळे बुडणाऱ्या कामाच्या दिवसांचे तिथले प्रमाण शंभर कामगारांमागे १.८६ होते, ते २००० सालापर्यंत ०.२ वर आले.

आता कुणी म्हणेल, हा आकडाही आपल्या हिरव्या फलकाच्याच जातीचा आहे. अल्कोआतही कुणी प्लास्टरचा पाय घेऊन गेटपास लावत बसला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. कोणताही आकडा सजवता येतो. म्हणूनच मला त्या हकीकतीत आकड्यापेक्षा टेलिफोन नंबर महत्त्वाचा वाटतो.

कायद्याचे म्हणाल तर तो मुका नाही. भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. तातडीचा धोका दिसला तर तो लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. या जुन्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. धोका कळवण्याचा हक्क तिच्यातही आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याला 'कारखाना' म्हणायचे तर पूर्वी दहा कामगार पुरेसे होते, आता वीस लागतात. आणि ज्या शेडमध्ये बोटे जातात त्यांतल्या कितीतरी नेमक्या या दोन आकड्यांच्या मधल्या असतात. कारखाना निरीक्षकाच्या हुद्द्यालाही आता 'सुविधा करून देणारा' असे शेपूट लागले आहे. ती सुविधा कामगारालाही मिळावी, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी.

समित्या कागदावर पुष्कळ ठिकाणी असतात. त्यांचे इतिवृत्त वाचायला मिळाले तर पाहावे: 'पिण्याच्या पाण्याची सोय करावी', 'स्वच्छता राखावी', 'सर्वांनी हेल्मेट वापरावे', आणि चहापानानंतर सभा संपली. मागच्या महिन्यात कुणी काय धोका सांगितला, त्याचे काय झाले, कुणी केले, कोणत्या तारखेला केले, हे त्यात नसते. कंत्राटी कामगार तर समितीत नसतोच; प्रेसवर मात्र तोच असतो. माझे म्हणणे एवढेच की, फाटकावरच्या फलकावर त्या दिवसांच्या आकड्याऐवजी दुसरे दोन आकडे लिहावेत. या महिन्यात कामगारांनी सांगितलेले धोके किती, आणि दूर केलेले किती. पहिला आकडा शून्य असेल तर त्या कारखान्याच्या मालकाने त्या रात्री चिंतेने जागे राहावे. आणि कामगाराने धोका पाहून यंत्र थांबवले, तर त्या वेळेचा पगार व त्या दिवसाचे नग त्याच्या खात्यातून वजा होऊ नयेत. यातल्या कशालाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

आणखी एक गोष्ट फलकावर कधीच येत नाही. ती म्हणजे सावकाश होणारा अपघात. आमच्या लहानपणी लालबागच्या चाळीत शेजारी एक काका होते, गिरणीत मागावर. ते घरातही इतके मोठ्याने बोलत की, नवीन माणसाला भांडण चालले आहे असे वाटे. मागखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून आणि हातांच्या खुणांनी बोलत. कान निवृत्तीच्या कितीतरी आधी निवृत्त होत. त्यांचा भाऊ कापूस पिंजण्याच्या खात्यात होता. सुटीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी त्याची छाती भरून येई, पुढे आठवड्यात जरा बरे वाटे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाचे हे ठळक लक्षण आहे, हे मला फार उशिरा वाचनात आले. चाळीत त्याला सगळे 'कामचुकार' म्हणत. सोमवारीच कसा दम लागतो याला, अशी थट्टा चाले. त्या गिरणीत त्या काळात अपघाताविना किती दिवस गेले असतील कोण जाणे.

हे सगळे कारखानदारांचे आणि सरकारचे, आपला काय संबंध, असे रविवारचा चहा घेत वाचणाऱ्याला वाटू शकेल. पण आपल्यापैकी बहुतेक जण वर्षातून दोन-चारदा मालक होतातच. बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर एसी बसवणारा मुलगा एका पायावर उभा असतो तेव्हा त्याचा मालक कोण? सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत माणूस उतरवला जातो तेव्हा? २०१३ च्या कायद्याने अशा टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू वासाने ओळखू असे कुणी समजू नये. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

आमच्या सोसायटीत मागल्या दिवाळीआधी रंगकाम निघाले. रंगारी गच्चीवरून दोराच्या झुल्यावर बसून उतरत. कमरेला काहीच नाही. एका सभासद बाईंनी सभेत विषय काढला. कंत्राटदार म्हणाला, "ताई, वीस वर्षं हेच करतायत ही माणसं, सवय आहे त्यांना." बेल्ट, वेगळा दोर आणि त्याची कडी यांचा खर्च कुणी द्यायचा यावर चाळीस मिनिटे चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांत मीही होतो. अखेर प्रत्येक घरामागे दीडशे रुपयांच्या आत भागले. दुसऱ्या दिवशी बाई गच्चीवर गेल्या आणि रंगाऱ्यांतल्या वयस्क गृहस्थांना म्हणाल्या, "मामा, हा बेल्टचा दोर कुठे बांधलेला बरा? तुम्हीच सांगा." ते जरा घुटमळले. मग त्यांनी कठड्याचा कोपरा दाखवला, ज्याच्या खांबाला गेले आठ दिवस झुल्याचा दोर बांधला जात होता. "इथं नको," ते म्हणाले, "इथं भेग आहे." हात घालून पाहिले तर प्लास्टरखाली बोट जाईल एवढी फट होती. कधी लक्षात आले, असे बाईंनी विचारले.

"पहिल्याच दिवशी," मामा म्हणाले.